भुताटकी मार्गारिटा: तुम्ही घरी कशी केलीत?

रातकिडा (न्यू जर्सी)

31 ऑक्टोबर, म्हणजे हॅलोवीन, जवळ आला. आमच्या गल्लीत लोकांनी अंगणात सांगाडे टांगलेत. पोरं चॉकलेटं गोळा करून झोपली की मोठ्यांचा अड्डा आमच्याकडे जमतो आणि मार्गारिटा (टकीला ह्या मेक्सिकन दारूचं लिंबू घातलेलं कॉकटेल) असतेच. ती भुताळी दिसावी म्हणून कोण काय करतं, ते ऐकायला हा धागा. माझी अट एकच: दिसायला भयानक चालेल, प्यायला नको. रंगाची बाटली उपडी केलेली, वर प्लास्टिकचा कोळी तरंगतोय आणि चव खोकल्याच्या औषधाची, असले ग्लास पुष्कळ पार्ट्यांत हातात आलेत.

मूळ प्रमाण सांगून ठेवतो. आंतरराष्ट्रीय बारटेंडर संघटनेच्या यादीत 50 मिली टकीला, 20 मिली ट्रिपल सेक (संत्र्याच्या स्वादाची गोड दारू) आणि 15 मिली लिंबाचा रस असं आहे. मी रस 25 पर्यंत नेतो, कारण रंगासाठी पुढे काहीतरी गोड येतंच. भरपूर बर्फ घालून शेकर बाहेरून पांढरा पडेपर्यंत हलवायचा. हे जमत असेल तर भुतांकडे वळा.

खवचट

आपली सर्वपित्री आत्ताच झाली. पितर खीर-वडे खाऊन गेले, आता परदेशी भुतांना दारू पाजा. चालू द्या, वाचतोय.

डॅलसकर

आमच्याकडे मार्गारिटा म्हणजे गोठवलेली. 1971 साली इथल्याच मारियानो मार्टिनेझने सॉफ्ट आइस्क्रीमचं मशीन वापरून गोठवलेल्या मार्गारिटाचं मशीन बनवलं. ते आता वॉशिंग्टनला स्मिथसोनियनच्या संग्रहालयात आहे. घरी मशीन लागत नाही. ब्लॅकबेरी लिंबाच्या रसात वाटून गाळायच्या (बिया दातात अडकतात, गाळाच), मग बाकीचं आणि थोडं पाणी मिसळून पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये. दारूमुळे त्याचा दगड होत नाही, चमच्याने खरवडता येतं. रंग येतो साकळलेल्या रक्ताचा. वेगळा रंग घालायची गरज नाही.

गच्चीवरची_बाग (पुणे)

गोकर्ण! कुणी कसं लिहिलं नाही अजून?

आमच्या कठड्यावर निळ्या गोकर्णाचा वेल आहे. पावसाळ्यानंतर रोज वाटीभर फुलं निघतात. हिरवा देठाकडचा भाग काढून टाकायचा, नाहीतर गवताची चव उतरते. पाकळ्या टकीलातच भिजत घालायच्या. काही तासांत अशी गडद निळी होते की बाटली उजेडात धरली तरी पलीकडचं दिसत नाही. सुकी फुलं असतील तर रंग आणखी लवकर सुटतो.

गंमत पुढे आहे. ग्लासात खाली लिंबाचा रस, ट्रिपल सेक आणि चमचाभर साखरेचा पाक. वर काठोकाठ बर्फ. त्यावर निळी टकीला चमच्याच्या पाठीवरून अगदी हळू सोडायची. खालचं गोड मिश्रण जड असल्यामुळे टकीला वर राहते. ग्लास असाच पाहुण्याच्या हातात द्यायचा आणि ढवळायला सांगायचं. आंबट लागलं की गोकर्णाचा निळा रंग पालटतो. आधी जांभळ्या रेघा खाली उतरतात, मग सगळा ग्लास जांभळा-गुलाबी. आमच्या सोसायटीतल्या एक काकू दारूच्या वाटेला जात नाहीत, पण हे बघायला दोनदा स्वयंपाकघरात आल्या. त्यांना लिंबू सरबतावर गोकर्णाचं गार पाणी सोडून दिलं, तिथेही हेच होतं.

रातकिडा

हे आजवरचं सगळ्यात भारी. इथे भारतीय दुकानात सुकी फुलं दिसली होती, उद्याच आणतो. डॅलसकर, तुमचंही करणार, पण ते उन्हाळ्यात.

औषधवाली (लंडन)

काळ्या रंगाबद्दल बोलायलाच हवं. इंटरनेटवरच्या निम्म्या कृतींत ऍक्टिव्हेटेड चारकोल (औषधी कोळशाची पूड) असतो. तो पोटात औषधं शोषून घेतो. विषबाधेत म्हणूनच देतात. गर्भनिरोधक गोळी घेणारी, रक्तदाबाची गोळी घेणारा, कोण काय घेतंय हे यजमानाला माहीत नसतं. न्यूयॉर्कच्या आरोग्य खात्याने 2018 मध्ये हॉटेलांतल्या खाण्यापिण्यात तो घालायला बंदी केली. माझ्या घरी आलेला तो पुडा मी सिंकखालच्या कपाटात, वास घालवायला ठेवलाय.

नाशिकची_सून

मग काठाला काळं काय लावायचं? काळं मीठ लावू नका, ते दळल्यावर गुलाबी दिसतं आणि अंड्यासारखा वास मारतं. आम्ही कारळे लावतो! मंद भाजायचे, गार झाल्यावर जाड मीठ आणि थोडं तिखट घालून मिक्सर एकदाच फिरवायचा. जास्त फिरवलं तर तेल सुटून गोळा होतो आणि काठाला चिकटत नाही. ग्लासाच्या बाहेरच्या कडेला लिंबाची फोड फिरवून अर्धाच काठ बुडवायचा, म्हणजे ज्याला नको तो दुसऱ्या बाजूने पिईल. दिसतं अगदी मसणातल्या मातीसारखं. उरलेलं दुसऱ्या दिवशी भाकरीबरोबर संपतं.

खवचट

कारळ्याची चटणी आणि टकीला. आजीला कळू देऊ नका.

पणजीकर

आमच्याकडे काजूची फेणी. तिला स्वतःचाच दर्प असतो, म्हणून टकीलाच्या जागी तेवढीच घालू नका. मी निम्मी टकीला, निम्मी फेणी घेतो. रक्तासाठी आमसुलं कोमट पाण्यात भिजवून कुस्करून घट्ट कोळ काढायचा. तो आंबट असतो, तेव्हा लिंबू निम्म्यावर आणा. बाटलीतलं आगळ वापरलंत तर त्यात मीठ असतं, मग काठाला मीठ लावायचंच नाही. ओघळांसाठी बीटचा रस आणि साखर एकतारी होईपर्यंत आटवायचं, गार करून काठावरून आतल्या बाजूला सोडायचं. फ्रीजमधून काढलेल्या ग्लासावर ओघळ मध्येच थबकतात, तेच हवं.

धुरकट (बॉस्टन)

धुराबद्दल. इथे सुपरमार्केटात ड्राय आइस मिळतो. तो म्हणजे गोठलेला कार्बन डायऑक्साइड, उणे 78.5 अंश. मी तो पिण्याच्या ग्लासात कधीच घालत नाही. तुकडा ओठाला लागला किंवा गिळला गेला तर भाजल्यासारखी जखम होते. मोठं परातीसारखं भांडं घ्या, त्यात मार्गारिटाचा जग ठेवा, भोवती चिमट्याने ड्राय आइस आणि वर गरम पाणी. धूर टेबलावरून खाली ओघळतो, ग्लास स्वच्छ राहतात. खिडकी उघडी ठेवा आणि तो घट्ट झाकणाच्या डब्यात भरू नका, डबा फुटतो.

चवीतच धूर हवा असेल तर अर्धी टकीला काढून मेझकाल (टकीलाच्याच जातीची मेक्सिकन दारू) घाला. त्याचे घायपाताचे गड्डे जमिनीतल्या खड्ड्यात भाजतात, त्यामुळे वास चुलीचा येतो. मला विचाराल तर भुताळीपणा त्यातच जास्त आहे.

औषधवाली (लंडन)

ड्राय आइसबद्दल दुजोरा. द्रव नायट्रोजनच्या तर वाटेलाच जाऊ नका. 2012 मध्ये इंग्लंडात लँकेस्टरला तसं कॉकटेल प्यायल्यावर एका मुलीचं जठर काढावं लागलं होतं.

नवीन_पाहुणी (ठाणे)

लिचीचे डोळे करायचेत, पण ब्लूबेरी परवडत नाही. काय घालू?

नाशिकची_सून

डब्यातली लिची घे, पाक निथळू दे. पोकळीत काळ्या द्राक्षाचा अर्धा तुकडा, सालीची बाजू बाहेर ठेवून दाबून बसव. बीटच्या पाकात टूथपिक बुडवून लाल शिरा ओढ. ताटलीत एकेक सुटी ठेवून गोठव, एकत्र ठेवलीस तर चिकटतील. मग बर्फाऐवजी तीच ग्लासात.