'बिझनेस फॅमिली' नाही, मग काय? संपत्ती-सत्ता-विषमतेवर इंग्रजीत बोलायचंय

खर्चीवाल्याची लेक
नमस्कार. मी इचलकरंजीची. बी.ए. मराठी माध्यमातून झालं, सध्या एक ऑनलाइन कोर्स करतेय. दर गुरुवारी संध्याकाळी इंग्रजीतून चर्चा असते. गटात केनिया, ब्राझील, फिलिपिन्सची मुलं आहेत. मागच्या गुरुवारी विषय होता संपत्ती, सत्ता आणि जगातली विषमता. त्यासाठी आठवडाभर एका पीडीएफमधले 120 शब्द घोकले. ॲफ्लुअन्स, ऑप्युलन्स, प्लूटोक्रसी, काय काय. पाळी आल्यावर तोंडातून निघालं, 'रिच पीपल आर व्हेरी रिच, पुअर आर व्हेरी पुअर.'

ते जाऊ दे, खरा घोळ पुढे झाला. घरचं उदाहरण द्यावं म्हणून मी सांगितलं की माझे वडील आठ पॉवरलूमचे ओनर आहेत. बाई कौतुकाने म्हणाल्या, 'ओह, सो यू कम फ्रॉम अ बिझनेस फॅमिली!' आणि पुढच्या मुलाकडे वळल्या. माझा माइक चालू, तोंड बंद.

इथल्या लोकांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. आम्ही खर्चीवाले, म्हणजे मजुरीवर कापड विणून देणारे. सूत व्यापाऱ्याचं, कापडही व्यापाऱ्याचं. माग, शेड आणि लाइटबिल तेवढं आमचं. मजुरी पिकावर, म्हणजे इंचात आडवे धागे किती त्यावर, आणि दर व्यापारी म्हणेल तो. मंदी आली की बीम, म्हणजे सूत गुंडाळलेले रूळ, येत नाहीत, माग गप. पप्पांना गल्लीत सगळे 'मालक' म्हणतात, आणि कामगार आला नाही की हा मालक पहाटे चारला मागावरच्या सुताच्या कांड्या बदलत उभा असतो.

हे इंग्रजीत कसं सांगायचं? त्या 120 शब्दांत हे नव्हतं.

जुना मास्तर, मिरज
बाळ, ती पीडीएफ आधी मिटव. 'ऑप्युलन्स', म्हणजे थाटमाट, कुठे वापरणार आहेस, मंगल कार्यालयाचं वर्णन करताना?

'इन्कम' आणि 'वेल्थ' हे दोन वेगळे कर, अर्धं काम तिथेच होतं. आपण बोलताना दोन्हीला 'पैसा' म्हणून मोकळे होतो. महिन्याला हातात येतं ते इन्कम. घर, जमीन, सोनं, शेअर सगळं मांडून त्यातून कर्ज वजा केल्यावर उरतं ते वेल्थ. तुमचे माग म्हणजे 'ॲसेट्स', त्यांवर बँकेचा बोजा असेल तर ते 'डेट'. त्यातला बी गिळायचा. वर्गात 35 वर्षं 'डेब्ट' ऐकून माझे कान किटले.

'पॉवर'चंही तसंच. आपल्याकडे सत्ता वेगळी, ताकद वेगळी आणि वजन वेगळं. मंत्र्याकडे असते ती सत्ता, तिच्यासाठी नुसतं 'पॉवर' चालतं. पद नसताना ज्याच्या एका फोनवर काम होतं, त्याच्याकडे 'क्लाउट', म्हणजे आपलं वजन. व्यापाऱ्याकडे आहे आणि तुझ्या वडिलांकडे नाही ती 'बार्गेनिंग पॉवर', म्हणजे सौद्यात आपला दर मान्य करून घ्यायची ताकद. बाईंना हा एकच शब्द ऐकवला असतास तरी त्या थांबल्या असत्या.

आणि शब्द एकटा पाठ करू नकोस, त्याचं क्रियापद बरोबर घे. 'वील्ड' हे क्रियापद शस्त्र चालवण्याचं, तेच पॉवरला लागतं. वेल्थ 'अक्युम्युलेट' होते, म्हणजे साठत जाते; गॅप 'वाइडन' होते, म्हणजे दरी रुंदावते. 'द पुअर' म्हणजेच गरीब लोक, त्याला एस लावून 'पुअर्स' करायचं नाही. विषमता 'इकॉनॉमिक' असते. 'इकॉनॉमिकल' म्हणजे काटकसरीचं, ती स्कूटर असते.

गिरणीवरचा सोलापुरी
मी राहतो मँचेस्टरला. शाळेत 'महाराष्ट्राचे मँचेस्टर कोणते' याचं उत्तर इचलकरंजी असं पाठ केलं होतं, म्हणून धागा उघडला. इथल्या जुन्या कापड गिरण्यांत आता फ्लॅट झालेत.

ताई, तुम्हाला हवा तो शब्द 'प्राइस टेकर'. बाजार देईल तो दर मुकाट घेणारा. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा शब्द आहे, त्यामुळे कोर्समध्ये सगळ्यांना कळेल. सुरुवात 'ऑन पेपर'ने करा: ऑन पेपर वडील ओनर, प्रत्यक्षात पीस रेटवर, म्हणजे जेवढं विणलं तेवढ्याच मजुरीवर, काम.

मास्तरांचा इन्कम-वेल्थचा मुद्दा आकड्यांत बघा. 2022 च्या वर्ल्ड इनइक्वालिटी रिपोर्टनुसार जगातल्या वरच्या 10 टक्के लोकांकडे 76 टक्के संपत्ती आहे, खालच्या निम्म्या जगाकडे 2 टक्के. उत्पन्नात मात्र तेच आकडे 52 आणि साडेआठ. म्हणजे 'ओन' म्हणायचं की 'अर्न', यावर वाक्य खरं की खोटं ते ठरतं. बातम्या देणारेही इथे घसरतात.

आणखी एक, यात मी स्वतः फजीत झालोय. लाख-कोटी डोक्यात ठेवून बिलियन बोलू नका. बिलियन म्हणजे 100 कोटी, आपला अब्ज. ट्रिलियन म्हणजे लाख कोटी. मी एकदा मीटिंगमध्ये तीन शून्यं खाल्ली होती.

टवाळ कार्टं
एवढं कशाला घोकायचं? 'लूट' आपलाच शब्द, तोही नेला त्यांनी. 'मोगल' म्हणजे बडा धनाढ्य, तोही इथलाच. ईस्ट इंडिया कंपनीचे साहेब इथून गबर होऊन परत गेले की तिकडचे लोक त्यांना 'नेबॉब' म्हणून हिणवायचे, म्हणजे आपला नवाब. ताई, चर्चेत सांगा, शब्द परत द्या.

जुना मास्तर, मिरज
कार्ट्या, खरं बोललास. त्यात भर घालतो. आपल्याकडे 'आहे रे' आणि 'नाही रे' म्हणतात ना, तेच इंग्रजीत 'हॅव्ज' आणि 'हॅव नॉट्स'. आणि चर्चेत कोणी 'जिनी' म्हणालं तर गोंधळू नकोस. ती आजीच्या गळ्यातली गिनी नव्हे. कोर्राडो जिनी नावाच्या इटालियन माणसाने 1912 मध्ये मांडलेलं विषमतेचं माप आहे. शून्य म्हणजे सगळे सारखे, एक म्हणजे सगळं एकाच्याच घरात.

खर्चीवाल्याची लेक
सर, दादा, खूप आभार. कार्ट्याचेही. रात्री बसून लिहिलं:

'ऑन पेपर माय फादर ओन्स एट लूम्स. ही डज नॉट ओन द यार्न ऑर द क्लॉथ. द ट्रेडर्स हॅव ऑल द बार्गेनिंग पॉवर. ही इज प्राइस टेकर.'

पप्पांना वाचून दाखवलं. टेकर म्हणजे घेणारा, असं सांगितलं. म्हणाले, 'आम्ही कुठलं घेतोय? ते देतात तेवढं येतंय.' मग थोड्या वेळाने विचारलं, 'व्यापाऱ्याला काय म्हणतात मग?' दादा, त्याला काय म्हणू?

गिरणीवरचा सोलापुरी
'प्राइस सेटर'.

जुना मास्तर, मिरज
'प्राइस टेकर'च्या आधी 'अ' घाल. बाकी कशाला हात लावू नकोस.