क्रोशे गेला म्हणून सगळं संपलं नाही

बेसबॉलमधल्या शिकागो व्हाइट सॉक्स संघाने आपला पिचर (चेंडू टाकणारा) गॅरेट क्रोशे बॉस्टन रेड सॉक्सला देऊन पायावर धोंडा पाडून घेतला, असं म्हटलं जातं; ते मला मान्य नाही. तिकडे तो 2025 मध्ये साय यंग या सर्वोत्तम पिचरच्या पुरस्काराच्या मतदानात दुसरा आला तेव्हा मलाही वाईट वाटलंच. पण 2024 मध्ये 162 पैकी 121 सामने हरलेल्या संघाला, दर पाच-सहा दिवसांनी एकदा चेंडू टाकणारा एक पिचर कितीसा वर काढणार? त्याच्या बदल्यात चार तरुण आले. त्यातले काइल टील आणि मीडरॉथ वर्षभरातच मुख्य संघात खेळू लागले, आणि टीलसारखा फटके मारणारा कॅचर (फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा) सहज मिळत नाही.

माझी खरी आशा मात्र संघाच्या तरुण कोल्सन माँटगोमेरीवर आहे. 2025 च्या वसंतात ट्रिपल-एमध्ये (मुख्य लीगच्या लगेच खालच्या स्तरावर) त्याला चेंडू लागत नव्हता, म्हणून संघाने त्याला सामने थांबवून ॲरिझोनात फलंदाजी दुरुस्त करायला पाठवलं. जुलैत तो वर आला आणि 71 सामन्यांत 21 होम रन (मैदानाबाहेर टोलवलेले फटके)! तेही शॉर्टस्टॉपकडून, म्हणजे मुख्यतः क्षेत्ररक्षणासाठी निवडल्या जाणाऱ्या खेळाडूकडून! पूर्वीच्या व्यवस्थापनाने इतका धीर धरला असता असं वाटत नाही.

काळजी पिचिंगची. शेन स्मिथ रूल फाइव्ह ड्राफ्टमधून (यात दुसऱ्या संघाचे राखून न ठेवलेले खेळाडू उचलता येतात) जवळपास फुकट मिळाला आणि ऑल-स्टार सामन्यासाठी निवडला गेला, पण तरुण पिचर नोआ शुल्ट्झला गुडघ्याने सतावलं. 102 पराभवांचं 2025 वाईटच होतं, तरी आदल्या वर्षीपेक्षा 19 विजय जास्त. आता मालकांनी एका अनुभवी पिचरसाठी पैसे सोडायलाच हवेत.