आरगॉन आधी आणि पोटॅशियम नंतर असं का? वजन तर उलटं आहे

खानापूरचा दुकानदार:

नमस्कार मंडळी. पोरगा यंदा पीयूसी फर्स्ट इयरला (म्हणजे अकरावीला) आहे, सायन्स. दहावीपर्यंत मराठी मिडियम आणि आता एकदम सगळं इंग्लिश, त्यामुळं संध्याकाळी दुकानात गल्ल्याजवळ स्टूल टाकून बसतो आणि गिऱ्हाईक नसलं की मला पिडतो. माझं सायन्स बारावीपर्यंतच, ते पण जुनं, म्हणून म्हटलं इथं विचारूया, इथं मास्तर लोक आहेत.

झालंय असं की पुस्तकात लिहिलंय मेंडेलीव्हनं १८६९ साली मूलद्रव्यं वजनाप्रमाणं ओळीनं मांडली आणि सारखे गुण ठरावीक अंतरानं परत परत यायला लागले. ठीक. तर हा मूलद्रव्यांच्या चार्टवर पेन्सिल धरून एकेका चौकटीतलं वजन बघत सुटला, क्लोरीन ३५.४५ पर्यंत सगळं बरोबर चढत गेलं, मग आरगॉन ३९.९५ आणि त्याच्या पुढं पोटॅशियम ३९.१०. कमी! मग काय, अजून शोधत बसला, तर कोबाल्ट ५८.९३ आणि पुढं निकेल ५८.६९, टेल्युरियम १२७.६ आणि पुढं आयोडीन १२६.९.

कॉलेजात विचारलं तर म्हणाले अणुअंकानं लावलंय, वजनानं नाही, लिहून घे. पण पोराचं म्हणणं असं की अणुअंक म्हणजे रांगेत कितवा बसलाय तोच नंबर ना, मग ज्याला जिथं बसवाल तिथला नंबर त्याला मिळणारच की, ह्यात सिद्ध काय झालं? मला पण पटलं बघा ते. आणि एवढ्या मूलद्रव्यांत नेमकी ही दोन-चार जोडपीच उलटी का? कुणी नीट सांगा.

निपाणी एक्सप्रेस:

दादा पोराला दुकानात बसवू नका, हुशार आहे 😄 सीईटीला एवढंच येतं की आधुनिक आवर्त नियम अणुअंकावर आधारित आहे, गोल काळा करायचा आणि पुढच्या प्रश्नाला पळायचं.

टिळकवाडीचा मास्तर:

निपाणीकर, असंच पळून पळून आमच्याकडं पोरं यायची आणि मग प्रॅक्टिकलला गोंधळ घालायची. पोराचा प्रश्न अगदी खरा आहे, आणि १९१३ पर्यंत त्याला धड उत्तर पण नव्हतं. तोपर्यंत अणुअंक म्हणजे खरंच रांगेतला नंबर होता, दुसरं काही नाही.

आधी मेंडेलीव्हचं बघा. त्याच्यापुढं ६३ मूलद्रव्यं होती. त्यानं वजनानं लावली हे खरं पण वजनापेक्षा गुणांवर त्याचा भरवसा जास्त होता. आयोडीन क्लोरीन-ब्रोमीनच्या घरातलं हे रंगावरनं, वाफेवरनं, क्षारांवरनं कुणीही सांगेल. वजनाच्या नादानं गेलं तर ते सेलेनियमच्या खाली जाऊन पडतं. म्हणून त्यानं टेल्युरियम आधी घेतलं आणि सांगून टाकलं की टेल्युरियमचं वजन मोजणाऱ्यांचं काहीतरी चुकतंय. म्हणजे जागा बरोबर, कारण चूक. माणूस असा हेकट होता पण त्याच हेकटपणाचा फायदा पण झाला. १८७५ ला फ्रान्समध्ये ब्वाबोद्राँनं गॅलियम शोधलं आणि घनता ४.७ काढली, तर ह्यानं रशियातनं कळवलं की परत मोजा, ५.९ च्या जवळपास यायला पाहिजे, धातू शुद्ध नसणार. परत मोजली तर ५.९ आली! धातू डोळ्यानं न बघता. कारण अल्युमिनियमच्या खालची ती जागा त्यानं आधीच रिकामी ठेवलेली होती. आणि आपल्याकडं चंदगड भागात बॉक्साईट, म्हणजे अल्युमिनियमचं खनिज, निघतं, आपल्या बेळगावात यमनापूरला त्यापासून अल्युमिना करतात, त्या बॉक्साईटमध्ये गॅलियम थोडं थोडं असतंच. जगातलं बरंचसं गॅलियम अल्युमिनाच्या कारखान्यातल्या द्रावणातनंच काढतात. एका रकान्यातले दोघे जमिनीत पण एकत्रच सापडतात.

आता पोराचा मुद्दा, नंबर दिला म्हणून सिद्ध काय झालं. मोस्ली नावाचा इंग्लंडचा तरुण संशोधक. त्यानं एकेका मूलद्रव्यावर इलेक्ट्रॉनचा मारा करून त्यातनं निघणारे एक्स-रे मोजले. प्रत्येकाची एक्स-रेची फ्रिक्वेन्सी ठरलेली, आणि तिचं वर्गमूळ काढलं तर पुढच्या पुढच्या मूलद्रव्याला ते सारख्या पायरीनं वाढत जातंय असं दिसलं. वजनाच्या पायऱ्या वेड्यावाकड्या, ह्या पायऱ्या एकसारख्या. त्यानं कोबाल्ट आणि निकेल मोजलं तर कोबाल्ट २७ व्या पायरीवर, निकेल २८ व्या, वजन काही का असेना. म्हणजे हा नंबर आपण दिलेला नाही, अणूच्या आतनंच आलाय, केंद्रातला धन भार तेवढा आहे. पुढं कळलं की तो म्हणजे प्रोटॉनची संख्या. म्हणजे कुणाला कुठं बसवायचं हे आपल्या हातात नाहीच. एखाद्या पायरीवर कुणी नसेल तर तिथलं मूलद्रव्य अजून सापडलेलं नाही, हे सुद्धा त्यातनं सांगता यायला लागलं. मोस्ली बिचारा १९१५ मध्ये गॅलिपोलीच्या लढाईत गेला, वय २७.

आरगॉनचं कारण वेगळं आहे आणि लय मजेशीर आहे, ते रात्री लिहितो. आता पेन्शनच्या कामाला बँकेत निघालोय.

उद्यमबाग स्पेक्ट्रो:

मास्तर येईस्तोवर माझं थोडं. मी फाउंड्रीत लॅबला आहे. मोस्लीचं वाचून बरं वाटलं कारण आमचं रोजचं काम त्याच जातीचं आहे, फक्त एक्स-रे नाही, ठिणगीचा उजेड. हीट (भट्टीतला एक घाणा) तयार झाली की फर्नेसवाला चमच्यानं रस घेऊन तांब्याच्या साच्यात ओततो, रुपायापेक्षा मोठी चपटी टिकली पडते. ती बेल्टवर घासायची, चकचकीत झाली की मशीनच्या भोकावर दाबून ठेवायची, बटन दाबलं की टर्रर्र आवाज करत ठिणग्या बसतात आणि मिनिटाच्या आत स्क्रीनवर कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, सल्फर, फॉस्फरस सगळे आकडे. काढून बघितलं तर टिकलीवर एक गोल खड्डा आणि भोवती काळी कड. कड नीट नाही, खड्डा पांढरट पडलाय, तर तो बर्न (ठिणग्यांचा डाग) धरायचा नाही, परत मारायचा. प्रत्येक मूलद्रव्याच्या उजेडाच्या रेषा ठरलेल्या, मशीन त्या रेषा किती तेज आहेत ते बघतं.

आता गंमत अशी की ह्या मशीनला आरगॉन लागतो. सिलेंडर संपला की मशीन बंद, सिलेंडर बंद तर फर्नेसवाले आमच्या नावानं ओरडायलाच लागतात. कार्बन, सल्फर, फॉस्फरसच्या रेषा अशा भागातल्या आहेत की मधे हवा असली तर ऑक्सिजन त्या गिळूनच टाकतो, म्हणून ठिणगीच्या जागी आरगॉन सोडायचा. तो कुणाच्यात नसतो. लोखंड वितळून ठिणग्या पडायलेत तरी हा गप्प. आणि शेजारच्या चौकटीतला पोटॅशियम, तो रॉकेलमध्ये बुडवून ठेवावा लागतो, पाण्यात टाकला की जांभळा जाळ. वजन ऐकून ह्या दोघांची अदलाबदल केली असती तर पोटॅशियम निऑनच्या खाली आणि आरगॉन सोडियमच्या खाली! म्हणजे टेबल फाडूनच टाकायचं.

जमखंडीकर:

रेषांचा विषय निघालाच आहे तर आमच्या गावाचं सांगतो, थोडं अवांतर होईल. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण, ज्यात सूर्यातला हेलियम पहिल्यांदा नजरेला पडला, ते बघायला रॉयल सोसायटीनं लेफ्टनंट जॉन हर्शलला पाठवलं ते आमच्या जमखंडीला. युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शलचा हा नातू. तेव्हा आमच्याकडं पटवर्धनांचं संस्थान. मधेमधे ढग येत होते, तरी सूर्याच्या कडेच्या ज्वाळांत त्याला तीन तेजस्वी रेषा दिसल्या, लाल, नारिंगी आणि निळी. नारिंगी त्याला सोडियमच्या जागेची वाटली. ती सोडियमची नव्हती, नंतर बारकाईनं मोजल्यावर ती किंचित बाजूला निघाली आणि तीच हेलियमची रेषा. त्याच दिवशी गुंटूरला फ्रान्सचा खगोलशास्त्रज्ञ जान्सेन बघत होता.

आणि एक, दर वर्षी व्हॉट्सअपला फिरतं की लॉक्यर ह्या इंग्रज खगोलशास्त्रज्ञानं हेलियम विजयदुर्ग किल्ल्यावरनं शोधला. लॉक्यर १८६८ ला इंग्लंडमध्येच होता, तिथनं त्यानं ऑक्टोबरात ग्रहणाशिवाय ती रेषा बघितली. विजयदुर्गला तो आला ते १८९८ च्या ग्रहणाला. विजयदुर्गवाल्यांनी राग मानू नये, पण आमच्या जमखंडीचं नाव कुणी घेत नाही ह्याचं वाईट वाटतं.

खानापूरचा दुकानदार:

वा, हे तर माहीतच नव्हतं. पोरानं फर्नेसची टिकली बघायची म्हणून हट्ट धरलाय. पण मग हे आरगॉन-हेलियम मेंडेलीव्हच्या टेबलात कुठं होते? १८६९ ला होते काय?

टिळकवाडीचा मास्तर:

नव्हते. तो अख्खा रकानाच नव्हता, आणि त्यासाठी त्यानं जागा पण सोडलेली नव्हती. कुणाशी संयोगच पावत नाहीत तर सापडणार कसे. १८९४ ला रॅले आणि रॅमसे ह्यांना हवेत आरगॉन मिळाला, हवेत तो जवळजवळ एक टक्का आहे तरी. दुसऱ्या वर्षी रॅमसेला युरेनियमच्या खनिजातनं हेलियम मिळाला आणि १८९८ ला निऑन, क्रिप्टॉन, झेनॉन. आरगॉनचं वजन ४० च्या आसपास म्हटल्यावर मेंडेलीव्ह बिथरलाच, त्याला शंका की हे मूलद्रव्य नाहीच, नायट्रोजनचे तीन अणू चिकटलेत. शेवटी शून्य गट म्हणून नवा रकाना घालावा लागला.

आता आरगॉन जड का. चार्टवर जे वजन लिहितात ते एका अणूचं नसतं, त्या मूलद्रव्याच्या सगळ्या प्रकारच्या अणूंची सरासरी असते. प्रोटॉन तेवढेच, न्यूट्रॉन कमी-जास्त. पोटॅशियमचे शंभरातले ९३ अणू ३९ वजनाचे आहेत, म्हणून सरासरी ३९.१. आरगॉनचे पृथ्वीवर शंभरातले ९९.६ अणू ४० वजनाचे. सूर्यात तसं नाही, तिथं आरगॉन बहुतेक ३६ वजनाचा आहे. म्हणजे तिथं चार्ट छापला असता तर पोराची तक्रारच आली नसती.

मग पृथ्वीवरच हा ४० वाला आला कुठनं? तर पोटॅशियमकडनंच! पोटॅशियमच्या दहा हजार अणूंत एखादा ४० वजनाचा असतो आणि तो किरणोत्सारी आहे, १२५ कोटी वर्षांत निम्मा संपतो. त्यातले शंभरातले ८९ कॅल्शियम होतात आणि ११ च्या आसपास आरगॉन-४० होतात, एक प्रोटॉन न्यूट्रॉन बनतो, वजन तेच, घर एक पायरी मागं. खडकातनं पृथ्वीच्या जन्मापासनं हे चाललंय आणि तो आरगॉन हवेत साठत आलाय. आपल्या सह्याद्रीचा काळा पत्थर साडेसहा कोटी वर्षांचा म्हणतात ना, ते वय काढायची एक पद्धत हीच, दगडात किती आरगॉन अडकलाय ते मोजायचं. तर उद्यमबागवाले, तुमच्या सिलेंडरमधला जवळजवळ सगळा आरगॉन एके काळी पोटॅशियम होता.

टेल्युरियमचं एवढं रंगतदार नाही. त्याच्यात १२८ आणि १३० वजनाचे अणू जास्त आणि आयोडीन निसर्गात फक्त १२७ चं, एवढंच. थोरियम-प्रोटॅक्टिनियम पण उलटे आहेत, पोराला सांगा शोधायला.

ऊसवाला चिकोडी:

मास्तर थांबा जरा. आम्ही उसाला म्युरेट ऑफ पोटॅश घालतो, पोती घरात थप्पी लावून ठेवतो. ते पण किरणोत्सारी म्हणायचं काय? बायकोला सांगायला नको मग.

टिळकवाडीचा मास्तर:

आहे की, पण घाबरायचं काही नाही. ५० किलोच्या पोत्यात साधारण २५ किलो पोटॅशियम. एका ग्रॅममध्ये सेकंदाला ३१ च्या आसपास अणू फुटतात, म्हणजे अख्ख्या पोत्यात सेकंदाला सात लाखाच्या वर. आकडा मोठा वाटतो पण अणूच्या हिशोबात चिल्लर आहे. तुमच्या स्वतःच्या अंगात सव्वाशे-दीडशे ग्रॅम पोटॅशियम असतं, तिथं पण सेकंदाला चार हजार फुटतातच, बायकोच्या पण. आणि पोटॅशियम जास्त खाल्लं म्हणून तो आकडा फार वाढत नाही, जादाचं मूत्रपिंड बाहेर टाकतं.

उद्यमबाग स्पेक्ट्रो:

मग त्या पोत्यातनं पण आरगॉन निघायला पाहिजे की? आमचा सिलेंडरचा खर्च वाचेल 😀

टिळकवाडीचा मास्तर:

निघतो. सात लाखातले ११ टक्के धरा, सेकंदाला ऐंशी हजार अणू. आत्ता वहीवर मांडून बघितलं, एका पोत्यातनं एक मिलिलिटर आरगॉन जमायला एक कोटी वर्षं लागतील.

ऊसवाला चिकोडी:

एवढ्यात कारखान्याचं बिल पण मिळेल.