एसटीएस-२७ : गुप्ततेची झळ अंतराळवीरांनाही बसली होती
गुप्त लष्करी मोहिमांत लपवला जातो तो केवळ उपग्रह, अंतराळवीरांच्या सुरक्षिततेला त्याने बाधा येत नाही, असे एक मत मांडले जाते; ते मला पटत नाही. डिसेंबर १९८८ मधील नासाच्या अटलांटिस या अंतराळयानाची एसटीएस-२७ ही गुप्त लष्करी मोहीम याच्या उलट सांगते. चॅलेंजर या अंतराळयानाच्या अपघातानंतरचे अशा यानाचे हे दुसरेच उड्डाण; चमूत मोहिमेचे प्रमुख गिब्सन, तसेच गार्डनर, मुलेन, रॉस आणि शेफर्ड असे पाच जण होते.

उड्डाणानंतर सुमारे ८५ सेकंदांनी उजव्या बूस्टरच्या (उड्डाणाला जोर देणाऱ्या रॉकेटच्या) टोकावरील उष्णतारोधक आवरणाचा तुकडा सुटून यानावर आदळला. यांत्रिक हाताच्या कॅमेऱ्यातून गिब्सन यांनी यानाच्या पोटाकडचा भाग पाहिला, तेव्हा उष्णतेपासून यानाचे रक्षण करणाऱ्या काळ्या फरशांवर पांढरे ओरखडेच ओरखडे दिसले. मात्र मोहीम गुप्त असल्याने चित्रे सांकेतिक रूपात पाठवावी लागली, ती ह्यूस्टनच्या नियंत्रण केंद्राला अस्पष्ट पोहोचली आणि हा छायाप्रकाशाचा खेळ असावा, असा निर्वाळा तिथल्या अभियंत्यांनी दिला!

परतताना गिब्सन यांची नजर पंखांवरील नियंत्रक पट्ट्यांचा कल दाखवणाऱ्या मापकावर होती, कारण उजवी बाजू जळू लागली असती, तर त्याची पहिली खूण तिथेच उमटली असती. उतरल्यावर ७०० हून अधिक फरशांना इजा झाल्याचे आढळले. एक तर पूर्णच निघाली होती; योगायोगाने तिच्याखाली अँटेनासाठी बसवलेली धातूची जाड पट्टी होती, म्हणून यान वाचले. २००३ मध्ये कल्पना चावला आणि त्यांचे सहा सहकारी ज्या कोलंबिया यानात मृत्युमुखी पडले, त्यालाही उड्डाणावेळी सुटलेला तुकडाच लागला होता.