किलिमांजारो: मारंगूने ५ दिवस पुरतील का?

प्रश्न: जानेवारीअखेर किलिमांजारो ठरतोय. एजन्सीने मारंगू वाटेने ५ दिवसांचा कार्यक्रम दिलाय. रोज १० किमी पळतो, दम चांगला आहे. एवढे दिवस पुरतील? आणि डायमॉक्स (विरळ हवेचा त्रास टाळायची गोळी) घ्यावी का?

प्रतिसाद १: विरळ हवेपुढे दम कामाला येत नाही. उलट दमदार माणूस भरभर चढतो आणि तिथेच फसतो. तुमच्या कार्यक्रमात रात्रीचे मुक्काम मंदारा (२,७२० मी), होरोंबो (३,७२०) आणि किबो (४,७२०), की त्याच मध्यरात्री शिखराकडे. ३,००० मीटरच्या वर झोपायची उंची रोज साधारण ५०० मीटरच वाढवायची असते; इथे दोनदा थेट हजार. मारंगूच हवी तर होरोंबोला एक रात्र जादा मागा. खरं तर लेमोशो ही दुसरी वाट ८ दिवसांची घ्या: लाव्हा टॉवरपर्यंत (४,६००) चढायचं आणि झोपायला खाली बारांकोला (सुमारे ३,९७५). करंगाचा मुक्काम गाळून बारांकोहून थेट बराफू (शिखराआधीचा शेवटचा तळ) दाखवलं असेल तर तो कार्यक्रम नकोच.

प्रतिसाद २: डायमॉक्स डॉक्टरांना विचारूनच, सल्फाची ॲलर्जी असेल तर आवर्जून सांगा. सहसा चढाईच्या आदल्या दिवसापासून १२५ मिग्रॅ सकाळ-संध्याकाळ. बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते. म्हणून घरीच दोन दिवस घेऊन पाहा.

डोकं दुखतंय, मळमळतंय? त्याच उंचीवर थांबा, वाढलं तर उतरा. एका पायाची टाच दुसऱ्याच्या बोटांना टेकवत सरळ रेषेत दहा पावलं चालून दाखवा. तोल जात असेल तर मेंदूला सूज आली असं धरायचं. बसल्या जागी धाप किंवा खोकल्यात गुलाबी फेस म्हणजे फुप्फुसात पाणी. दोन्हींत लगेच खाली, रात्रीचे दोन वाजले असले तरी. गाइडकडचा ऑक्सिजन उतरेपर्यंत तग धरायला असतो, वर रेटायला नाही. ऑक्सिमीटरचा आकडा बरा दिसला म्हणून लक्षणं लपवू नका.

प्रतिसाद ३: शिखराच्या रात्री पारा उणे १५ पर्यंत जातो आणि पाण्याच्या पिशवीची नळी आधी गोठते. प्रत्येक घोटानंतर उलटी फुंकर मारून नळी रिकामी करा. सोबत रुंद तोंडाची बाटली लोकरी मोज्यात घालून उलटी ठेवा. बर्फ वरून धरतो, म्हणजे झाकण मोकळं राहतं. (फेकून द्यायच्या प्लास्टिकच्या बाटल्या उद्यानात चालत नाहीत.) हेडलॅम्पच्या जादा बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला.

विवराच्या कडेवरच्या स्टेला पॉइंटपासून उहुरू शिखर (५,८९५ मी) अजून तासभर. तिथे पंधरा मिनिटं पुष्कळ झाली. उतरताना भुसभुशीत खडीत गुडघे बोलायला लागतात, काठ्या थोड्या लांब करून घ्या.