ऑफिसचा डेटा क्लाउडवर, पण फाइल्स नक्की कुणाच्या? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमचं ऑफिस छोटं आहे. कोटेशन्स, बिलं, करारांचे स्कॅन सगळं गूगल ड्राइव्हवर, पण ज्याच्या त्याच्या खासगी जीमेल खात्यात. १५ जीबीची फुकट जागा भरत आलीय (त्यात मेल आणि फोटोही धरतात, म्हणजे कुणाच्या तरी लग्नाचे फोटो ऑफिसच्या फाइल्सची वाट अडवतात). पण खरी काळजी जागेची नाही. एक सहकारी लवकरच नोकरी सोडतोय आणि बरेचसे करार त्याच्या खात्यात आहेत. माणूस सज्जन आहे, पण कारभार सज्जनपणाच्या भरवशावर किती चालवायचा?

आता गूगल वर्कस्पेस (म्हणजे कंपनीच्या ताब्यातली सशुल्क गूगल खाती) घ्यायचं ठरतंय. त्याच्या खात्यातल्या फाइल्सची मालकी कंपनीकडे घेता येते का?

शिवाय अकाउंट्सवाल्यांचा हट्ट आहे की अकाउंटिंग सॉफ्टवेअरचा डेटा फोल्डरच सिंकला लावू (म्हणजे त्यातला प्रत्येक बदल आपोआप ड्राइव्हवर जाईल). मला धास्ती वाटते. जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १:
खासगी जीमेलवरून कंपनीच्या खात्याकडे थेट मालकी देता येत नाही. त्याने तुम्हाला फाइल्स शेअर केलेल्या असतील तर कंपनीच्या खात्यातून त्यांच्या प्रती काढा आणि शेअर्ड ड्राइव्हमध्ये ठेवा. तिथली फाइल संस्थेची असते, माणूस गेला तरी राहते. मात्र प्रतीसोबत जुन्या आवृत्त्या येत नाहीत आणि लिंकही बदलते, त्यामुळे ग्राहकांना पाठवलेल्या लिंक्स तपासा. हे तो जायच्या आधीच करा. प्लॅन घेताना त्यात शेअर्ड ड्राइव्ह आहे ना, तेही बघा.

प्रतिसाद २:
तुमची धास्ती रास्त आहे. डेटा फाइल उघडी असताना सिंक झाली तर अर्धवट प्रत वर जाऊ शकते, आणि दोन मशीनवरून काम झालं तर एकाच फाइलच्या दोन प्रती होऊन बसतात. सॉफ्टवेअरमधूनच रोज बॅकअप काढा आणि ती फाइल क्लाउडवर टाका.

आणि सिंकला बॅकअप समजू नका. रॅन्समवेअरने (फाइल्स लॉक करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसने) फाइल्स लॉक केल्या तर लॉक झालेल्याच फाइल्स वर जातात. ड्राइव्हच्या ट्रॅशमधून ३० दिवसांनी फाइल कायमची जाते. एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवा, आणि काम झालं की ती डिस्क काढून ठेवा.

धागाकर्ता:
आभार दोघांचेही. करारांच्या प्रती काढायला आजच बसतो. डिस्कवरची प्रत एन्क्रिप्ट करून (पासवर्डशिवाय वाचता येणार नाही अशी) ठेवायची तर पासवर्ड कुणाकडे ठेवता तुम्ही लोक?