एरिया कोड ६१५ : दोन तबकड्यांची कारकीर्द फसली असे म्हणावे का?

मध्यसप्तक : “साथीदारांनी साथच करावी, नॅशव्हिलच्या एरिया कोड ६१५ चा दोन तबकड्यांत आटोपलेला खेळ हाच त्याचा पुरावा,” असे जुनी तबकडी यांनी काल लिहिले, ते वाचून गप्प बसवेना. एरिया कोड ६१५ हा अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरातल्या, एरवी इतरांना साथ करणाऱ्या स्टुडिओ-वादकांचा बँड. १९६९ आणि १९७० मधल्या त्याच्या दोन तबकड्यांआधीच त्याचे सदस्य चार्ली मॅकॉय, केनी बट्री आणि वेन मॉस यांनी बॉब डिलन यांच्या ‘ब्लॉन्ड ऑन ब्लॉन्ड’ या तबकडीवर वाजवले होते. अशा माणसांना प्रसिद्धीसाठी बँड काढण्याची गरज नव्हती.

जुनी तबकडी : वादक उत्तम होते, हे मी नाकारलेलेच नाही. परंतु वादकांची यादी म्हणजे बँड नव्हे. सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर वेस्ट या नामांकित रॉक सभागृहात वाजवल्यानंतरही ही मंडळी स्टुडिओतच रमली. बीटल्सच्या गाण्यांना बँजो जोडणे ही गंमत झाली, कारकीर्द नव्हे.

काळी चार : स्टुडिओला कमी लेखू नका. तीन तासांच्या सत्रात तीन-चार गाणी उरकायची, म्हणून मॅकॉय यांनी जॉर्डनेअर्स या गायकवृंदातले नील मॅथ्यूज यांची आकड्यांची पद्धत, म्हणजे कॉर्ड्सना नावांऐवजी पट्टीतल्या क्रमाचे आकडे देण्याची पद्धत, तिथे रुजवली. कागदावर १, ४, ५ लिहिलेले असले की गायकाने ऐनवेळी पट्टी बदलली तरी तोच कागद चालतो. आमच्या वाद्यवृंदात एका गायकाने मंचावर पट्टी दोन स्वर खाली आणली आणि बेसूर वाजवल्याचा ठपका मात्र माझ्यावर आला!

स्वरलिपी : आकडे ही नोटेशन न येणाऱ्यांची कुबडी आहे.

काळी चार : आपण कधी साथीला बसला आहात काय? बसला असतात, तर हे वाक्य लिहायला हात धजावला नसता.

मध्यसप्तक : मूळ मुद्द्यावर येऊ. या बँडच्या तबकड्यांची निर्मिती एलियट मेझर यांनी केली. पुढे नॉर्बर्ट पटनम आणि डेव्हिड ब्रिग्ज या सदस्यांच्या क्वाड्राफॉनिक स्टुडिओत त्याच मेझर यांनी गायक नील यंग यांच्या ‘हार्वेस्ट’ या तबकडीचे बरेचसे ध्वनिमुद्रण केले आणि ड्रम्सवर बट्रीच होते. शिवाय मॅकॉय यांच्या माउथ ऑर्गनचा, याच बँडचा ‘स्टोन फॉक्स चेस’ बीबीसीच्या ‘ओल्ड ग्रे व्हिसल टेस्ट’ या दूरचित्रवाणीवरील संगीत कार्यक्रमाचे शीर्षकसंगीत झाला. याला अपयश म्हणायचे?

जुनी तबकडी : बरे, ‘हार्वेस्ट’चे श्रेय दिले, मुखपृष्ठावर नाव मात्र नील यंग यांचेच आहे.

मध्यसप्तक : मॉस आणि मॅक गेडन या सदस्यांनी १९७१ मध्ये बेअरफूट जेरी हा बँड काढला आणि त्या दशकात अनेक तबकड्या केल्या, हेही विसरू नका.

जुनी तबकडी : म्हणजे खराखुरा बँड चालवायचा ठरला, तेव्हा नाव बदलावे लागले आणि बहुतेक साथीदार गळाले. माझा मुद्दा इतक्या नेटकेपणाने मांडल्याबद्दल आभारी आहे.